डोंगरउतारावरचं पावसाचं पाणी: ज्याने गोळा केलं, त्यानेच ते खालपर्यंत न्यायला हवं

पायवाट
डोंगरातल्या एका वळणाकडे गेली तीन वर्षं बघतोय. वरच्या अंगाला घरं झाली, त्यांच्या गच्च्या, फरशीची अंगणं, गाड्या लावायची जागा, सगळीकडचं पाणी एका सहा इंची पाइपात घेतलं आणि तो पाइप रस्त्याखालून नेऊन पलीकडच्या उतारावर तसाच सोडून दिला. तोंड हवेत. पहिल्या पावसाळ्यात तोंडाखाली घमेल्याएवढा खड्डा पडला, कुणी बघितलंही नाही. दुसऱ्या वर्षी कंबरभर घळ झाली. यंदा ती मागे खात खात रस्त्याच्या पोटात शिरलीय. वरून डांबर मस्त दिसतं, काळं, गुळगुळीत, पण काठाशी पोटावर झोपून खालून काठी घातली तर हातभर आत जाते आणि कशालाच टेकत नाही. त्यावरून रोज गाड्या जातात, विचार करून झोप लागत नाही.

हिशोब बघा. एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एका चौरस मीटरवर एक लिटर पाणी. शंभर चौरस मीटरच्या गच्चीवर तासाभरात 50 मिमी पडला तर 5,000 लिटर. अशा दहा गच्च्या म्हणजे तासाला 50,000, सेकंदाला जवळपास 14 लिटर, आणि ते सगळं एकाच जागी. हेच पाणी आधी झाडोऱ्यातून, पाल्यातून, गवताच्या मुळांतून पसरून उतरायचं, निम्मं जिरायचं. पाऊस वाढलाय म्हणून डोंगर खचला असं सगळे म्हणतात, मला पटत नाही. आपण पाणी एकवटलं आणि वाऱ्यावर सोडलं म्हणून खचला.

मैलाचादगड
असहमत. रस्ते खराब होतात ते ओव्हरलोड ट्रकमुळे, पाण्याच्या नावाने सगळं खपवू नका. अमेरिकेत इलिनॉयमध्ये 1958 ते 1960 मुद्दाम रस्ते बांधून त्यावर दोन वर्षं ट्रक फिरवले होते, आशो रोड टेस्ट म्हणतात त्याला. त्यातून निघालं की अ‍ॅक्सलवरचा, म्हणजे चाकांच्या आसावरचा, भार दुप्पट केला तर रस्त्याची झीज साधारण सोळा पट होते. डोंगरात खडी, सिमेंट, माती सगळं ट्रकनेच जातं. आधी वजनकाटे लावा मग पाइप बघू.

पायवाट
टेस्ट बरोबर सांगितलीत, पण तिचीच दुसरी बाजू राहिली. ट्रक तेच, भार तोच, तरी सगळ्यात जास्त पडझड झाली ती वसंतात, बर्फ वितळून रस्त्याखालचे थर पाण्याने भरले तेव्हा. खडीचे पक्के रस्ते रूढ करणाऱ्या मॅकअ‍ॅडमने दोनशे वर्षांपूर्वी हेच सांगितलं होतं, भार खालची माती घेते आणि ती कोरडी ठेवली तरच घेते. आणि ट्रकने खराब झालेला रस्ता ओळखू येतो हो, चाकांच्या दोन पट्ट्या दबलेल्या असतात. इथे तसं काही नाही. इथे बाहेरच्या काठाला चंद्रकोरीसारखी भेग आहे, दोन्ही टोकं काठाकडे वळलेली. म्हणजे खालचा भराव निघून चाललाय.

वरचंघर
मी अशाच एका डोंगरावर राहतो आणि दर पावसाळ्यात हे टोमणे ऐकतो, म्हणून जरा स्पष्टच लिहितो. आमच्या गच्चीवर पडलेलं पाणी खालीच जाणार ना, वर चढणार आहे का? आणि डोंगर आधी कुणी कापला? रस्त्याने. उतार कापला की वरून येणारा प्रत्येक ओघळ, मातीतून आतल्या आत येणारा पाझरसुद्धा, रस्त्याच्या कडेच्या गटारात उघडा पडतो, मग ते गटार शे-दोनशे मीटर सगळं गोळा करतं आणि रस्त्याखालच्या एका मोरीतून खाली फेकतं. तुम्ही आमच्या पाइपाला जे म्हणताय तेच तर रस्ता करतो, तेही कितीतरी मोठ्या प्रमाणावर. त्या मोरीखालची घळ बघितलीत का कधी? घर बांधताना पाणी बाहेर काढा एवढंच आम्हाला सांगितलं, कुठपर्यंत न्या हे कुणीच सांगितलं नाही.

नियमावली
वरचंघर यांचा रस्त्याबद्दलचा मुद्दा मान्य, पण "पाणी खालीच जाणार" हा बचाव फार जुना आहे आणि त्याचं उत्तरही तेवढंच जुनं. फ्रान्सच्या 1804 च्या नागरी संहितेत 640 वं कलम आहे. खालच्या जमिनीने वरून नैसर्गिकपणे येणारं पाणी घ्यायलाच हवं, बांध घालून अडवायचं नाही, पण वरच्याने खालच्यावरचा बोजा वाढेल असं काही करायचं नाही. माणसाचा हात न लागता येणारं पाणी, हा त्यातला कळीचा भाग. पाइप टाकला की हात लागला. आणि मोरी बांधली की रस्त्याचाही लागला, दोघांनाही सुटका नाही.

हिरवापट्टा
एवढं कशाला भांडायचं? प्रत्येकाने आपल्या आवारात शोषखड्डा करावा, पाणी जागच्या जागी जिरवावं, भूजलही वाढेल. पाइपच नको आणि घळही नको.

ओलीमाती
हिरवापट्टा, सपाटीवर तुमचं शंभर टक्के बरोबर, पण तीव्र उताराच्या काठावर कृपा करून हे करू नका. मी मातीच्या परीक्षणाचंच काम करते. मातीचे कण एकमेकांना घट्ट धरून असतात म्हणून उतार उभा राहतो. आत पाणी भरलं की कणांमधल्या पाण्याचा दाब वाढतो आणि ती पकड सुटते, मातीच्या शास्त्राचा पाया घालणाऱ्या तेर्झागीने 1925 मध्ये हे नीट मांडलं, आजही सगळं त्यावरच चालतं. वरून वाहणारं पाणी माती हळूहळू खरवडतं, दिसतं तरी. आत जिरवलेलं पाणी दिसत नाही आणि एक दिवस अख्खा तुकडा झाडांसकट खाली येतो. जिरवायचं तर काठापासून लांब, मागच्या सपाट भागात.

हाँगकाँगचं उदाहरण बघण्यासारखं आहे. 1972 च्या जूनमध्ये एकाच दिवशी दोन मोठ्या दरडी कोसळून शंभरावर माणसं गेली, 1976 ला परत दरड कोसळून माणसं गेली, मग 1977 मध्ये फक्त उतारांसाठी वेगळं सरकारी खातं काढलं. आज तिथे उतारा-उतारावर गटारं दिसतात, माथ्यावर एक, मध्ये टप्प्याटप्प्याने आडवी, आणि पाणी खाली आणायला पायऱ्या-पायऱ्यांची उभी पन्हाळ. पायऱ्या कशाला? पाण्याचा जोर मोडायला. जुनं गणित आहे, वेग दुप्पट झाला तर पाणी चौसष्ट पट वजनाचा दगड ढकलू शकतं. वेग मोडला की निम्मं भांडण मिटलं. पायवाट यांच्या पाइपाखाली नुसती दगडांची रास टाकली तर ती पुढच्याच पावसात वाहून जाईल, जाळीत बांधलेले दगड हवेत, त्याखाली माती निसटू न देणारं कापड, आणि तिथून नैसर्गिक ओढ्यापर्यंत बांधीव चर. कडेने वाळा लावा, मुळं दोन-तीन मीटर सरळ खाली जातात. पण मोकळ्या पाण्याच्या धारेत एकटा वाळा टिकत नाही हेही ध्यानात ठेवा.

फावडंघमेलं
सगळे नवीन बांधायच्या गोष्टी करताय. मी रस्त्याच्या देखभालीवर वीस वर्षं काढली. पाण्याने रस्ता तुटला म्हणून बोलावणं आलं की बहुतेक वेळा मोरी तुंबलेलीच सापडायची. पालापाचोळा, प्लॅस्टिक, वरून आलेला मुरूम. मोरी तुंबली की पाणी रस्त्यावर चढतं, रस्ता ओलांडून जिथे कधीच पाणी गेलं नव्हतं तिथून उतरतं, आणि एका रात्रीत बाहेरची कड गायब. पाऊस लागायच्या आधी एकदा आणि पहिल्या मोठ्या पावसानंतर परत एकदा चार माणसं लावा, बास. ओलीमाती मॅडम म्हणतात त्या पायऱ्यांच्या पन्हाळीही साफ केल्या नाहीत तर पाणी बाजूने उडी मारून नवीन घळ पाडतं, हे मी डोळ्यांनी बघितलंय.

पायवाट
मोरी साफ हवीच, दुमत नाही. पण आमच्या वळणावर सगळं साफ आहे, पाइपही वाहता आहे, आणि तोच घात करतोय. पाणी पूर्ण जोरात, एकही थेंब वाया न जाता, बरोबर त्या खड्ड्यात पडतं.

मैलाचादगड
काठाची भेग आणि चाकाच्या पट्ट्या हा फरक माहीत नव्हता, बघीन. तरी वजनकाट्याचं म्हणणं मी मागे घेत नाही, आतून पोकळ झालेल्या रस्त्यावरून भरलेला ट्रक गेला तर तो तिथेच खाली जाईल.

वरचंघर
ओलीमाती यांचं वाचून एक गोष्ट जाणवली. आमचा पाइप कुठे संपतो ते मी आजवर बघितलेलंच नाही. अंगणातली जाळी दिसते, पाणी गडप होतं, विषय संपतो. रविवारी खाली उतरून बघतो. ओढ्यापर्यंत बांधीव चर न्यायला माझी ना नाही, पण खर्च एकट्या आम्हा घरवाल्यांवर नको, रस्त्याचंही पाणी त्यातूनच जाणार असेल तर रस्त्याचाही वाटा हवा. यावरून मी हटणार नाही.

पायवाट
वाटा हवाच, मी स्वतः तुमच्या बाजूने लिहून देईन. फक्त बघायला जाल तेव्हा खालच्या बाजूने जा, रस्त्याच्या काठावर उभं राहून वाकू नका. वरून पक्कं वाटतं, खाली काही नसतं.