मदत हवी आहे: नवरा ५३ वर्षांचा, स्मृतिभ्रंशाचं निदान (नाशिक)

बरीच वर्षं वाचनमात्र आहे, धागा पहिल्यांदाच काढतेय. लांबलंय, सांभाळून घ्या.

आम्ही गंगापूर रोडला राहतो. नवरा ५३, मी ४९, मुलगी इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला, शिवाय सासूबाई. नवरा सातपूरला एकाच कंपनीच्या टूलरूममध्ये चोवीस वर्षं. दोन वर्षांपूर्वी त्याच्या हाताखालच्या मुलाने मला गाठून सांगितलं, "वहिनी, साहेब मोजमापाचं व्हर्नियर हातात धरून नुसते बघत बसतात." हा तोच माणूस, जो जॉबवर (घडवायच्या धातूच्या तुकड्यावर) अंगठा फिरवून सांगायचा की अजून थोडं घासायला हवं.

कामाचा ताण असेल असं धरून चाललो. डॉक्टरांनाही आधी तेच वाटलं, सात-आठ महिने डिप्रेशनच्या गोळ्या झाल्या. मग एका संध्याकाळी अंजनेरी फाट्यावरून त्याचा फोन. "मी घरीच येतोय, पण घर येत नाहीये." सातपूरहून शहराकडे वळायचं सोडून सरळ त्र्यंबकच्या रस्त्याला लागला होता.

पुढे बी-१२, थायरॉइड, एमआरआय आणि शेवटी मुंबईला पेट स्कॅन. अल्झायमर, पासष्टीच्या आत सुरू झालेला. डोनेपेझिल चालू आहे. गोळीने आजार थांबत नाही हे डॉक्टरांनी आडपडदा न ठेवता सांगितलं, हे बरंच केलं.

सासूबाई ७९ च्या. १९६९ च्या पुरात सराफ बाजारात कोणाच्या दुकानात किती पाणी होतं ते आजही नावानिशी सांगतात. त्यांचा या निदानावर विश्वासच नाही. "म्हातारी मी, विसरायचं मी, त्याला कसलं होतंय?" यावर काय बोलणार?

आता मुख्य प्रश्न. हसू नका, तो एका सिनेमाबद्दल आहे.

मुलगी तिच्या खोलीत 'स्टिल अ‍ॅलिस' बघत होती. २०१४ चा, ज्युलियन मूरला ऑस्कर मिळालं तो. कोलंबिया विद्यापीठातली भाषाशास्त्राची प्राध्यापक, पन्नाशीला निदान. नवरा मागे येऊन कधी उभा राहिला ते तिला कळलंच नाही. एका प्रसंगात ती बाई सभेत भाषण वाचते आणि वाचून झालेली ओळ पिवळ्या मार्करने रंगवत जाते, तीच ओळ पुन्हा वाचली जाऊ नये म्हणून. त्याने तिथे पॉज करायला लावलं. म्हणाला, "हे बरंय." दुसऱ्या दिवशी कॉलेज रोडच्या दुकानातून पिवळा हायलायटर घेऊन आलो. आता सकाळी पेपर वाचताना हाताशी तोच असतो.

मुलीने पुढचा सिनेमा बंद केला, कारण तिने आधी पाहिला होता. पण तो रोज विचारतो, "त्या बाईचं पुढे काय झालं?" चहा घेतला की नाही हे लक्षात राहत नाही, ती बाई मात्र बरोब्बर लक्षात आहे. पर्याय म्हणून मी 'अस्तु' लावून दिला. मोहन आगाशे, सुमित्रा भावे-सुनील सुकथनकर, आपल्या भाषेतला, मला फार आवडलेला. अर्धा तास बघून उठला. "हे आजोबा आहेत. मी आजोबा नाही." मला त्याचं पटलं. या आजाराचं जे काही मिळतं ते म्हाताऱ्यांसाठीच असतं. सहली, भजन, व्हीलचेअर. आमचा होमलोन अजून सात वर्षं आहे.

तर त्याला 'स्टिल अ‍ॅलिस' पुढे दाखवावा का? कोणी दाखवलाय का आपल्या माणसाला?

बाकी प्रश्न पण टाकते. कंपनीतून "तुम्हीच राजीनामा द्या, सन्मानाने होईल" असं सुचवलंय. लिहून द्यावा का? मुलगी विचारते, मलाही होणार का? (सासरे रस्त्यावरच्या अपघातात ४४ व्या वर्षी गेले, त्यामुळे त्या बाजूचं काहीच कळत नाही.) आणि तो घरी बसला तर दिवसभर करेल काय?

--------

निफाडकर: ताई, वाचून कसंतरी झालं. ब्राह्मीचं तूप नाकात सोडून बघा, आमच्या मामांना फरक पडला होता. द्राक्षं संपली की येतो भेटायला, पत्ता व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा.

--------

जुना_कॅशियर: राजीनाम्यावर सही करू नका. आज तर नाहीच. पीएफ कापला जातो ना? मग ईपीएस-९५ मध्ये, म्हणजे पीएफसोबतच्या पेन्शन योजनेत, नोकरीत असताना कायमचं, पूर्ण अपंगत्व आलं तर पेन्शनची तरतूद आहे, त्यासाठी वैद्यकीय तपासणी होते. "नोकरीत असताना" हे शब्द महत्त्वाचे. आधी राजीनामा दिला तर तो मुद्दा हातातून जातो. सरकारी नोकरी असती तर २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याच्या कलम २० खाली काढताच आलं नसतं, त्याच पगारावर दुसरं काम द्यावं लागलं असतं. खासगीला ते थेट लागू नाही, म्हणून कागद जपून. त्या कायद्यातल्या मानसिक आजाराच्या व्याख्येत स्मृतीही आहे, तेव्हा प्रमाणपत्रासाठी सिव्हिलला विचारून ठेवा.

दुसरं, बँक. कोणीतरी तुम्हाला "मुखत्यारपत्र करून घ्या" म्हणेलच. आपल्याकडे देणाऱ्याची बुद्धी शाबूत राहिली नाही की मुखत्यारपत्र संपतं, १८७२ च्या करार कायद्याचं कलम २०१. म्हणजे ज्या दिवशी खरी गरज पडते त्याच दिवशी ते कागद रद्दी. त्यापेक्षा सगळी खाती आत्ताच दोघांच्या नावावर, 'दोघांपैकी कोणीही' अशी. नॉमिनेशन तपासा. मृत्युपत्र करायचं असेल तर त्याच सुमाराचं डॉक्टरांचं पत्र जोडून रजिस्टर करा. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यात आपला प्रतिनिधी आधीच नेमून ठेवता येतो, तेही करा.

आणि एक बारीक गोष्ट, काउंटरवर बसून शिकलेली. या आजारात सही बदलते. चेक परत यायला लागले की मग घरच्यांना कळतं. जुनी सही येतेय तोवर बँकेत जाऊन या.

--------

शुभा_नाशिकरोड: माझ्या दिरांना ५६ व्या वर्षी झालं, आता नववं वर्ष. सिनेमाचं आधी सांगते. पुढे जीव संपवण्याबद्दलचा एक प्रसंग आहे, तिने स्वतःसाठीच करून ठेवलेल्या व्हिडिओचा. आजाराची जाण असलेल्या माणसाला तो एकट्याने बघू देऊ नका. भाषणापर्यंत दाखवा आणि तिथे थांबा, खोटं बोलल्यासारखं वाटून घेऊ नका. त्यांच्या बोलण्यात तसलं काही यायला लागलं तर डॉक्टरांना लगेच सांगा. रात्री-बेरात्री टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य सेवेचा १४४१६ हा फुकट नंबर आहे, मी स्वतःसाठी दोनदा लावलाय.

दिवसभराचं म्हणाल तर हाताला ओळखीचं काम द्या. आमच्याकडे आधी वीणकाम, चित्रकला सगळं झालं, दीर चिडायचे. मग नट-बोल्टचा मोठा डबा आणून दिला. आकाराप्रमाणे वेगळे करत दोन-दोन तास बसायचे. फक्त एक करू नका. निवडून झालेलं त्यांच्या मागे पुन्हा मिसळून तेच हातात देऊ नका. आम्हाला वाटलं, कुठे कळणार आहे. एकदा माझ्याकडे बघून म्हणाले, "वहिनी, हे मी केलंय." मला आजही ते आठवलं की जेवण जात नाही.

गॅसचा कॉक आणि गाडीची किल्ली, दोन्ही आजच हलवा. गाडीसाठी भांडण होईल, होऊ दे. आणि निफाडकर, नाकातोंडात काही सोडायचं ते डॉक्टरांना विचारल्याशिवाय नको हो.

--------

रक्तपेढी: मुलीसाठी. कमी वयात अल्झायमर झालेले बहुतेक रुग्ण एका जनुकामुळे आजारी पडत नाहीत. एपीपी, प्रेसेनिलिन १ आणि प्रेसेनिलिन २ या तीन जनुकांपैकी एकात दोष असेल तर मुलाला तो मिळण्याची शक्यता निम्मी, पण तशा घरांत बहुधा पिढ्यान्‌पिढ्या तरुणपणीच झालेले रुग्ण सापडतात. सासरे लवकर गेले, तर त्यांची भावंडं, आत्या, चुलते यांची चौकशी करा. तपासणी करायचीच असेल तर आधी जनुकीय समुपदेशन, आणि निर्णय मुलीचा. परीक्षेच्या तोंडावर तर मुळीच नको.

--------

धागाकर्ती: सगळ्यांचे आभार, निफाडकर तुमचेसुद्धा. तूप पोळीला लावू.

राजीनामा दिलेला नाही. पीएफचे कागद काढलेत. चुलत सासऱ्यांकडे चौकशी केली, त्या बाजूला सत्तरीपर्यंत सगळे ठणठणीत होते म्हणे. मुलीला सांगितलं, ती काही बोलली नाही पण रात्री जेवली.

गाडीची किल्ली सासूबाईंच्या पानाच्या डब्यात ठेवलीय. मी मागितली असती तर भांडला असता. "आईकडे आहे" म्हटलं की गप्प बसतो. यात सासूबाईंचं मन किती वळलं माहीत नाही, पण डब्याला आता त्या कुलूप लावतात.

सिनेमा शुभाताईंनी सांगितला तिथपर्यंत तिघांनी मिळून पाहिला. टाळ्या पडल्यावर बंद केला. "झालं?" म्हणाला. मी "झालं" म्हटलं.

मंगळवारी बँकेत जातोय. त्याने आपणहून वही घेतली आणि सही घोटत बसला. आज सतरा केल्या, अकरा जुन्यासारख्या आल्यात. त्या अकरा त्याने पिवळ्याने रंगवल्या. शुभाताई, व्यनि केलाय, बघा.