बागेच्या ग्रुपातल्या कायम कुरकुर करणाऱ्या काकांचं काय करावं?

गच्चीवाला_नागपूर

नमस्कार मंडळी, प्रश्न झाडांचा कमी अन् माणसांचा जास्त आहे, तरी इथेच टाकून राहिलो कारण बागकामवाल्यांनाच तो कळेल.

आमचा नागपुरातला गच्चीवरच्या बागेचा व्हॉट्सअॅप ग्रुप आहे. मनीषनगर, त्रिमूर्तीनगर, धरमपेठ, तिकडे पार जरीपटक्यापर्यंतचे लोक आहेत, बिया-कलमांची देवाणघेवाण चालते, थंडीत कोणाच्या तरी गच्चीवर जमतो, सांबारवडी खातो, मजा असते. त्यात एक काका आहेत. माणूस वाईट नाही, शिवीगाळ नाही, फॉरवर्ड नाही, पण सकाळी सातला पहिला मेसेज त्यांचा अन् तो तक्रारीचाच. गुलाब वाळला. नर्सरीवाल्याने फसवलं. टोमॅटोची फुलं गळून राहिली. मोगऱ्याची पानं कडेने जळाली. मिलीबग (कापसासारखी पांढरी कीड) जात नाही. संत्र्याच्या कुंडीला इतकी वर्षं झाली फूल नाही, नुसते काटे. अन् शेवटी ठरलेलं वाक्य, "नागपुरात काही उगवत नाही, पुण्यात बरं असतं."

बरं, लोक उत्तर देत नाहीत असंही नाही. एक ताई आहेत, शेतीखात्यात नोकरी केलेल्या, त्या प्रत्येक वेळी नीट लिहून द्यायच्या, की कुंड्या तापलेल्या स्लॅबवर ठेवू नका विटांवर ठेवा, ५० टक्के ऊन अडवणारी हिरवी जाळी लावा, पालापाचोळ्याचं आच्छादन करा, पाणी सकाळी लवकर अन् ऊन उतरल्यावर द्या. काकांचं उत्तर ठरलेलं: "हे सगळं करून झालं, काही होत नाही." दुसऱ्या दिवशी तीच तक्रार. आता ताई बोलेनाशा झाल्या. त्यांना पर्सनलवर विचारलं तर म्हणाल्या, मला नवीन लोकांना सांगायला आवडतं रे, पण रोज त्याच भिंतीशी बोलायचा कंटाळा आला. काका राहिले तर ताई जातील, अशी वेळ आली आहे.

काढून टाकावं का? की समजावून सांगावं? वयाने मोठे आहेत म्हणून जीभ रेटत नाही.

मोगरा_मोगरा

काढा नं सरळ. इतका काय विचार करता बाप्पा. छंद आहे, नोकरी थोडीच आहे की साहेबाची कुरकुर ऐकूनच घ्यायची.

शांत_झाड

मला वाटतं काका एकटे असतील. मुलं बाहेरगावी असतील, बोलायला कोणी नसेल, म्हणून झाडांच्या निमित्ताने बोलत असतील. थोडं समजून घ्यावं.

गच्चीवाला_नागपूर

@शांत_झाड ताई, मलाही आधी तसंच वाटलं होतं, पण त्यांच्या घरी जाऊन आलोय, भरलेलं घर आहे, दोन मुलं, सुना, नातवंडं, वर एक पोपट. घरचे म्हणतात घरीही असेच आहेत, भाजीपासून म्युनिसिपालिटीपर्यंत कोणी सुटत नाही 😄

काळी_माती

काढायच्या आधी एक करून पहा. त्यांच्या तक्रारी एकदा पत्त्यासारख्या पसरून वाचा, सूर सोडून द्या, फक्त मजकूर पहा. मी तुमची पोस्ट वाचली तर मला त्यात निदान दोन गोष्टी अशा दिसल्या की ज्या कोणी विचारल्याच नसाव्यात.

पहिली मोगऱ्याची. मोगरा तर उन्हाळ्याचंच झाड आहे, ऊन त्याला चालतं, म्हणून कडेने पानं जळणं हे नेहमीच उन्हाचं नसतं, क्षारांचंही असतं. त्यांना एवढंच विचारा की पाणी कोणतं घालता. आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये घरोघरी कूलर चालतात अन् टाकीतलं उरलेलं पाणी वाया का घालवायचं म्हणून कित्येक जण कुंड्यांत ओततात. कूलरमध्ये पाणी उडून जातं अन् क्षार खाली राहतात, बोअरचं पाणी असलं तर विचारूच नका, कूलरच्या वूडवूलवर (जाळीत भरलेल्या लाकडाच्या तंतूंवर) पांढरा थर बसतो तोच मुळांशी जातो. जाळी लावा, आच्छादन करा, सगळं बरोबर, पण हे पाणी चालू असेल तर काका खरंच म्हणू शकतात की करून झालं अन् काही होत नाही.

दुसरी संत्र्याची. "नुसते काटे" हे ऐकून माझे कान टवकारले. संत्र्याचं कलम जंभेरीच्या (लिंबाची एक रांगडी जात) खुंटावर, म्हणजे मुळासकटच्या खालच्या रोपावर, संत्र्याचा डोळा भरून करतात. कलमाच्या जोडाखालून फुटवे आले अन् ते वेळेवर काढले नाहीत तर खालची जंभेरी जोर धरते अन् वरचा संत्रा मागे पडून मरतो. जंभेरी चांगलीच काटेरी असते. मग काका जंभेरीला पाणी घालून संत्र्याची वाट पाहत बसले असतील. बुडाचा फोटो मागा, जोड दिसला पाहिजे.

आता माणसाचं. आमच्या इथे एक नियम केला, सगळ्यांसाठी, एकट्या कोणासाठी नाही: तक्रार टाकायची तर सोबत तीन गोष्टी हव्यात, झाडाचा बुडापासूनचा फोटो, पाणी कोणतं अन् किती, अन् आधी सांगितल्यापैकी काय केलं त्याचा फोटो. ते नसेल तर उत्तर द्यायचं नाही, चिडायचंही नाही, गप्प राहायचं. ज्याला उत्तर पाहिजे तो फोटो टाकतो. ज्याला फक्त बोलायचं आहे त्याला इतकी मेहनत नको असते, तो आपोआप कमी बोलतो.

पक्षीवेडा_विदर्भ

बाग नाही पण अनुभव तोच. आमचा पक्षीनिरीक्षणाचा ग्रुप आहे, अंबाझरी, गोरेवाडा, हिवाळ्यात उमरेडकडचे तलाव. आमच्याकडेही एक सद्गृहस्थ होते, कोणीही कसलाही फोटो टाकला की "पूर्वी शेकड्यांनी यायचे, आता काय राहिलं" हे लिहिणारच. नवीन पोरगी पहिल्यांदा नवरंगाचा फोटो टाकते, किती आनंदात, अन् खाली हे.

आम्ही काय केलं तर रविवार ठेवला तक्रारींसाठी. अजिबात करू नका! रविवारी जेवढी गर्दी व्हायची तेवढी बाकी आठवड्यात मिळून नसायची, जे कधी कुरकुर करत नव्हते तेही शिकले. शेवटी आमच्यातल्या एकाने फोन केला. मेसेज नाही, फोन. समजावणी वगैरे नाही, इतकंच सांगितलं की तुमच्या वाक्यानंतर नवीन लोक फोटो टाकेनासे होतात, हे तुम्हाला माहीत आहे का. त्यांना खरंच माहीत नव्हतं. रुसले, ग्रुप सोडला. नोव्हेंबरात अंबाझरीवर बदकं दिसायला लागली तेव्हा परत आले. कुरकुर अजूनही आहे पण नवीन माणसाच्या फोटोखाली करत नाहीत, जुन्यांच्या खाली करतात. आम्हाला चालतं.

उन्हाळी_काकडी

मी जरा उलटं बोलते, राग मानू नका. असल्या ग्रुपांत सगळे फक्त फुललेली जास्वंद अन् टोपलीभर वांगी टाकतात. मेलेल्या झाडाचा फोटो कोणी टाकतं का? पारा ४५ च्या वर गेला की नवतप्यात (मे अखेरच्या नऊ तापलेल्या दिवसांत) गच्चीवरचं अर्धं जळतं हे सगळ्यांना माहीत आहे, टोमॅटोची फुलं तर रात्रही तापलेली राहिली की गळतातच, त्यात कोणाचा दोष नाही. पण बोलतं कोण, तर हे काका. मी नवीन होते तेव्हा मला वाटायचं फक्त माझंच जळून राहिलं, बाकी सगळ्यांच्या गच्चीवर काश्मीर आहे. एक कुरकुर्‍या असला की बाकीच्यांना धीर येतो हो.

गच्चीवाला_नागपूर

@उन्हाळी_काकडी हे पटलं. अन् एक आठवलं, गेल्या वर्षी ग्रुपने मिळून कोकोपीटच्या (नारळाच्या भुशाच्या) विटा मागवल्या होत्या तेव्हा "रोपं करपून राहिली" असं पहिल्यांदा काकांनीच लिहिलं. यांचं नेहमीचंच म्हणून कोणी लक्ष दिलं नाही. मग पाचसहा जणांची मिरचीची रोपं गेली तेव्हा ताईंनी सांगितलं की त्यात मीठ आहे, दोन-तीनदा पाण्यात भिजवून पिळून घ्यायला हवं होतं. काकांनी मात्र त्यानंतर महिनाभर "मी म्हणत होतो" चालवलं 🙏 त्याचाही त्रास झालाच.

मोगरा_मोगरा

म्हणजे बरोबर असले तरी त्रास, चूक असले तरी त्रास. बरं नका काढू.

गच्चीवाला_नागपूर

ठरवलं ते सांगतो. @काळी_माती म्हणतात तो तीन गोष्टींचा नियम आजच लावतो, सगळ्यांना. ताईंना सांगितलं की फोटो नसलेल्या तक्रारीला उत्तर द्यायची जबाबदारी तुमची नाही, मी पाहतो. त्या म्हणाल्या चालेल, पण काकांचं "करून झालं" आलं तर मी वाचणार नाही. मंजूर.

काकांना आत्ताच फोन केला. पाच मिनिटं मेट्रोच्या धुळीबद्दल ऐकलं, मग पाणी विचारलं. कूलरचंच आहे. वर म्हणाले, "मग आधी विचारायचं नं कोणी!" संत्र्याच्या बुडाचा फोटोही पाठवला, पण अंगठा मध्ये आहे. उद्या परत मागतो.

काळी_माती

अंगठ्याच्या बाजूने जे पान दिसून राहिलं असेल ते चुरगाळून वास घ्यायला सांगा, संत्र्याचा अन् लिंबाचा फरक लगेच कळतो.

नवी_कुंडी

मध्येच विचारते, माझं संत्रं खरंच संत्रं आहे, खालचे फुटवे मी काढते, चार वर्षांचं कलम आहे, तरी फूल नाही. रोज पाणी घालते.

काळी_माती

रोज पाणी घालता तिथेच अडलं. संत्र्याला ताण लागतो, म्हणजे फुलायच्या आधी काही दिवस पाणी तोडावं लागतं. आंबिया बहारासाठी (हिवाळ्याच्या शेवटी येणाऱ्या फुलोऱ्यासाठी) बागायतदार डिसेंबरच्या सुमारास पाणी तोडतात, जमीन भारी असेल तर ताण लांबतो, अन् जानेवारीत पाणी सुरू केलं की फुलं निघतात. कुंडीतली माती फार लवकर सुकते म्हणून तुम्ही बागेचा हिशोब लावू नका. पाणी कमी करत न्या, पानं मलूल दिसली की थांबा, अन् मग थोडंथोडं करून परत सुरू करा, एकदम भरपूर नको. आत्ता उन्हाळ्यात मात्र हे करू नका, झाड जाईल, अन् मग तुम्हीही सकाळी सातला मेसेज टाकाल.