क्लास आणि ऑब्जेक्ट: गोंधळ नेमका कुठे होतो?
प्रोग्रामिंगमध्ये क्लास म्हणजे साचा आणि ऑब्जेक्ट म्हणजे त्यातून निघालेली वस्तू, हे नेहमीचं स्पष्टीकरण बरोबरच आहे. पण नवशिक्यांची खरी गडबड त्यापुढे होते.

पायथॉनमध्ये समजा 'खाते' नावाचा क्लास लिहिला आणि 'व्यवहार' ही रिकामी लिस्ट थेट क्लासमध्येच, सगळ्या मेथड्सच्या (क्लासमधल्या फंक्शन्सच्या) बाहेर ठेवली. मग 'क' आणि 'ख' अशी दोन ऑब्जेक्ट्स बनवली. आता 'क'च्या लिस्टमध्ये नोंद जोडली की ती 'ख'मध्येही दिसते! कारण लिस्ट एकच आहे आणि ती क्लासची आहे. प्रत्येकाला स्वतंत्र लिस्ट हवी असेल तर ती इनिट मेथडमध्ये (ऑब्जेक्ट बनताना आपोआप चालते ती, `__init__`), सेल्फला जोडून तयार करायची. सेल्फ म्हणजे ज्या ऑब्जेक्टवर आत्ता काम चाललंय ते, एवढंच.

आणखी एक. 'ग = क' लिहिल्याने नवं ऑब्जेक्ट बनत नाही, त्याच ऑब्जेक्टला दुसरं नाव मिळतं. (जावातही तसंच. सी प्लस प्लसमध्ये मात्र एरवी प्रत बनते.) आयडी फंक्शनने तिघांचे ओळख क्रमांक छापून बघा: 'क' आणि 'ग'चा सारखा येईल, 'ख'चा वेगळा. इनहेरिटन्स, म्हणजे एका क्लासवरून दुसरा क्लास बनवणं, त्यानंतरच हातात घ्या, अशी कळकळीची विनंती.