'लॉग रोटेट करणे' याला मराठीत काय म्हणावं?

विचारणा
मायएसक्यूएल या डेटाबेसच्या स्लो क्वेरी लॉगसाठी, म्हणजे फार वेळ घेणाऱ्या क्वेरी (डेटाबेसला विचारलेले प्रश्न) जिथे नोंदल्या जातात त्या फाइलीसाठी, आमच्याकडे रोज रात्री लॉगरोटेट चालतं; हा प्रोग्राम जुनी लॉग फाइल बाजूला सारून नवी सुरू करतो. नव्या मुलांसाठी त्याचं टिपण मराठीत लिहितोय. भाषांतर यंत्राने 'मंद पृच्छा नोंद परिभ्रमण' असं दिलं, ते वाचून मलाच हसू आलं. 'फेरपालट' चालेल का?

उत्तर
फेरपालट शेतीतला शब्द. तिथे दोन-तीन हंगामांनी पहिलं पीक परत येतं. इथे गेलेली फाइल परत येत नाही. स्लो.लॉगची स्लो.लॉग.१ होते, १ची २ होते आणि लॉगरोटेटच्या सेटिंगमध्ये 'रोटेट ७' लिहिलं असेल तर सातच्या पुढची पुसली जाते. नावात रोटेट असलं तरी फिरत काहीच नाही, सगळं पुढे सरकतं. मी 'वही बदलणे' म्हणेन.

विचारणारा
आवडलं. पण फाइलीचं नाव बदललं तरी सर्व्हर जुन्याच फाइलीत लिहीत राहतो. मुलं नेमकी तिथेच अडकतात.

उत्तर
मग तर वहीच बरी. कारकुनाच्या हातात उघड्या असलेल्या वहीवरचं लेबल तुम्ही बदललंत, म्हणून तो लिहायचा थांबत नाही. 'ही मिट, नवी घे' हे त्याला वेगळं सांगावं लागतं, ते काम 'फ्लश स्लो लॉग्ज' या मायएसक्यूएलच्या आदेशाचं. पोस्टरोटेटमध्ये (फाइल बदलल्यावर चालवायचे आदेश लिहितात त्या भागात) ती ओळ राहून गेली की सकाळी नवी फाइल शून्य बाइटांची आणि .१ फुगतच चाललेली. लॉगरोटेटच्या 'कॉपीट्रंकेट' या पर्यायाला मात्र वही बदलणे म्हणू नका. त्यात नक्कल काढून मूळ फाइल कोरी करतात आणि त्या दोहोंच्या मध्ये आलेल्या ओळी गायब होतात. ते सरळ 'पाटी पुसणे'.

तिसरं मत
'मंद'ही काढा, मंद माणसाची आठवण येते. मी 'रेंगाळलेली क्वेरी' म्हणते. 'रखडलेली' मुद्दाम नाही. रेंगाळतो तो स्वतःहून, रखडतो तो दुसऱ्यामुळे. मायएसक्यूएल सुरुवातीची लॉक (टेबल वापरण्याआधी घ्यायची कुलुपं) मिळेपर्यंतचा वेळ मोजतच नाही, त्यामुळे नुसती तिथे रखडलेली क्वेरी या लॉगमध्ये येत नाही. आणि रेंगाळली कधी म्हणायचं, तर लाँग_क्वेरी_टाइम या सेटिंगमधली मर्यादा ओलांडल्यावर. ते मुळात १० सेकंद असतं. वेबसाइटसाठी हे फारच उदार आहे, पण तो विषय वेगळा.

विचारणारा
ठरलं: 'रेंगाळलेल्या क्वेरींची वही रोज बदलणे'. 'दैनिक' नको, वर्तमानपत्र वाटतं. बोलताना सगळे 'लॉग रोटेट झाला का रे?' असंच विचारणार, ते तसंच राहू दे.

उत्तर
'रोज' लिहाल तिथे एक ओळ वाढवा. लॉगरोटेटचा डेटएक्स्ट हा पर्याय लावला तर फाइलीला .१, .२ ऐवजी वही बदलली त्या दिवसाची तारीख मिळते. मध्यरात्रीनंतर बदललेल्या वहीवर १५ तारीख, आत बहुतेक मजकूर १४चा. कालचीच तारीख हवी असेल तर 'डेटयस्टरडे' लिहा.