घाऊक गोदाम कमी करून लॉज काढावं का? (बेळगाव)

रविवारपेठ: धंदा घाऊक किराण्याचा, गिऱ्हाईक खानापूर, चंदगड आणि गोव्याचं. अर्धं गोदाम मोडून वर दहा खोल्या, खाली कुंद्याचं (दूध आटवून केलेली बेळगावची मिठाई) दुकान असा विचार चाललाय. शनिवार-रविवारी गोव्याच्या गाड्यांची रीघ असते. पण पर्यटकाचा पैसा बाजारात फिरतो का?

हिशेबनीस: गाड्या मोजू नका, मुक्काम मोजा. चोर्ला घाटाने जाणारा माणूस टाकी भरतो, जेवतो, निघतो. समजा गाडीमागे ₹२,००० गेले आणि त्यात १,२०० पेट्रोलचे. त्यातलं पंपाचं कमिशन तेवढं गावात उरतं. ३०० चा कुंदा घेतला, तर दूध आसपासच्या गोठ्यांचं, साखर जिल्ह्यातल्या कारखान्यांची, मजुरी इथलीच. गोकाकच्या करदंट मिठाईला खारीक-बदाम बाहेरून येतात, म्हणजे मागे कमी उरतं.

लॉजचं गणित वेगळं. २२ सप्टेंबर २०२५ पासून ₹७,५०० पर्यंतच्या खोलीवर ५% जीएसटी आहे, पण इनपुट क्रेडिट (खरेदीवर भरलेल्या कराची वजावट) नाही. एसी, लॉण्ड्रीवरचे १८% तुमच्याच अंगावर. अंदाजपत्रक करासकट धरा.

जांबोटी नाका: हंगामही बघा. डिसेंबरच्या विधिमंडळ अधिवेशनात खोली मिळत नाही, गोकाकचा धबधबा पावसाळ्यात. एरवी सोमवार ते गुरुवार काय? सौंदत्तीच्या यल्लम्माची गर्दी धरू नका. जून २०२३ पासून शक्ती योजनेत कर्नाटकातल्या बायकांना साध्या सरकारी बसचं तिकीट नाही, म्हणून तिथे रेटारेटी आहे. पण ती मंडळी नारळ, भंडारा घेऊन त्याच दिवशी परततात. कोल्हापूरकडच्या बायकांना ही सवलत नाही.

रविवारपेठ: व्यापार पडला तर पर्यटन सावरेल, असा हिशेब होता.

जांबोटी नाका: इथेच फसाल, शेठ. चोर्ला किंवा अनमोड घाटात दरड आली की तुमचा गोव्याचा ट्रक आणि गोव्याचा पाहुणा एकाच दिवशी अडकतात. जोखीम तीच राहते, फक्त गोदाम जातं. दिवाळीचा माल मग कुठे भरणार?

हिशेबनीस: एक राहिलं. कुंद्याच्या दुकानाला जीएसटीची कंपोझिशन योजना (छोट्या धंद्यांना उलाढालीवर ठरावीक टक्के कर) घ्यायचं मनात असेल तर सोडा. एका पॅनवरच्या सगळ्या धंद्यांना ती एकदमच लागू होते, आणि त्यात परराज्यात माल विकता येत नाही. महाराष्ट्रातलं चंदगड आणि गोवा दोन्ही बंद होतील. घरातल्या दुसऱ्या कुणाच्या पॅनवर खरोखर वेगळा धंदा असेल तर गोष्ट निराळी, सीएंना विचारा.

आधी कुंद्याचं काउंटर टाका, खोल्यांचं नंतर. तेही पेठेत नको, हमरस्त्यालाच. गाडी लावायला जागा नसेल तर गोव्याची गाडी गल्लीत शिरत नाही.