खिशातला फोन वर्गात नेला तेव्हा : तुमचे अनुभव सांगा

आठवीला विज्ञान शिकवते. 'अवरक्त किरण डोळ्यांना दिसत नाहीत' हे वाक्य मी अकरा वर्षं फळ्यावर लिहिलं आणि मुलांनी अकरा वर्षं ते वहीत उतरवून घेतलं. गेल्या डिसेंबरात घरच्या टीव्हीचा रिमोट पिशवीत टाकून नेला. फोनचा सेल्फी कॅमेरा चालू केला, रिमोटचं टोक त्यासमोर धरलं आणि पहिल्या बाकावरच्या मुलीला म्हटलं, दाब बटण. स्क्रीनवर जांभळट ठिपका लुकलुकला. तिने मान वाकवून रिमोटकडे पाहिलं, तिथे काहीच नाही. पुन्हा स्क्रीनकडे, तर ठिपका आहे. असं चार वेळा झालं. मग मागून एकाने विचारलं, "बाई, मागच्या कॅमेऱ्यात का नाही दिसत?"

मला माहीत नव्हतं. घरी जाऊन वाचलं. रिमोटचे किरण साधारण ९४० नॅनोमीटरचे, आपले डोळे ७००च्या आसपास थांबतात. कॅमेऱ्यात असे किरण गाळणारी काच असते, आणि ती बऱ्याच फोनांत मागे जास्त कडक, पुढे जरा ढिली. दुसऱ्या दिवशी मुलांनी तीन फोन, दोन रिमोट आणि पुढचे-मागचे कॅमेरे असा तक्ताच केला. (रिमोट तीन दिवस शाळेत राहिला. सासऱ्यांना बातम्या लावायला प्रत्येक वेळी उठावं लागलं. ते अजून बोलून दाखवतात.)

तर हा धागा अशा अनुभवांसाठी. लाखभराचे बोर्ड आणि टॅबलेटच्या योजना जरा बाजूला ठेवू. जे आधीच हातात होतं, फोन, स्पीकर, जुनं मेमरी कार्ड, त्याने वर्गात काय झालं ते लिहा. फसलेलं असेल तर आधी तेच लिहा.

निवृत्त मुख्याध्यापक, सांगली जिल्हा

बाई, आमच्या वेळी यंत्र होतं टेपरेकॉर्डर. पुण्यात १९८४ साली बालचित्रवाणी, म्हणजे शाळेच्या मुलांसाठी टीव्हीचे कार्यक्रम करणारी संस्था, सुरू झाली, तेव्हा गावात दोन टीव्ही होते, त्यातला एक ग्रामपंचायतीत. कार्यक्रमाच्या वेळेला चौथीचा वर्ग रांगेत तिकडे न्यायचा. निम्म्या वेळा वीज नसायची, मग तशीच रांग परत. २०१७ मध्ये ती संस्था बंद झाली त्या दिवशी वाईट वाटलं. पण खरं सांगतो, मुलांना टीव्हीपेक्षा टेपरेकॉर्डर आवडायचा. त्यात स्वतःचा आवाज यायचा. एका मुलाने कविता म्हटली आणि ऐकून म्हणाला, "गुरुजी, हा मी नाही." पुढचा आठवडाभर तो शब्दांची शेवटची अक्षरं न गिळता वाचत होता. मी त्याला दोन वर्षं तेच सांगत होतो.

भूगोलवाला, जुन्नर तालुका

मी फसलेलंच सांगतो.

सातवीला नकाशा आणि प्रमाण शिकवत होतो. उपग्रहाचा नकाशा फोनवर उघडला, गाव शोधलं. शाळेचं छप्पर दिसल्याबरोबर वर्गाची जत्रा झाली. त्या नकाशात अंतर आणि क्षेत्रफळ मोजायची सोय असते. शेताच्या कोपऱ्यांवर एकेक टिचकी मारत गेलं की आकडा येतो. मी गृहपाठ दिला : घरचं शेत मोजा, सातबाऱ्यावरच्या आकड्याशी ताडून पाहा. गुंठा म्हणजे ३३ फूट गुणिले ३३ फूट, १०८९ चौरस फूट. चाळीस गुंठ्यांचा एकर. सातबाऱ्यावर मात्र हेक्टर आणि आर. रूपांतराचा सराव आयता होईल म्हणून खूश होतो.

सोमवारी एक मुलगा गंभीर चेहऱ्याने आला. सातबाऱ्यावर ३२ आर, नकाशावर २७.९. चार आर गेले कुठे? हा प्रश्न त्याने मला विचारण्याआधी रविवारी घरी जेवताना विचारला होता. शेजारचं शेत चुलत्यांचं. दोन घरांत सहा वर्षांपूर्वी बांधावरून जे व्हायचं ते होऊन गेलं होतं आणि कसंबसं निवलं होतं. मंगळवारी साडेदहाला मुलाचे वडील शाळेत. पावणेअकराला चुलते.

दोघांना माझ्या खुर्चीशेजारी बसवलं. मुलाला म्हटलं, पुन्हा मोज, सगळ्यांसमोर. त्याने बांधाच्या आतल्या कडेने टिचक्या मारल्या होत्या. तिथे थोडा फरक निघाला. मग वडीलच स्क्रीनवर बोट ठेवून म्हणाले, "अरे, ओढ्यापलीकडची पट्टी धरली का? ती पण आपलीच." पट्टी धरली, ३१.४ झाले. उरलेल्या ०.६ वर चुलते म्हणाले, एवढं तर उंदीर खातात.

नंतर वर्गात हाच तास झाला : चित्र किती जुनं, कॅमेरा तिरका असेल तर काय होतं, झाडाच्या सावलीत बांध कुठे दिसतो, बोट जाड असलं की किती मीटर सरकतं. मैदानावर टेपने मोजलं आणि नकाशावर मोजलं, दोन्ही वह्यांत. नकाशावर आंधळा विश्वास ठेवू नये हे मी तोंडाने सांगितलं असतं तर कोणी ऐकलं नसतं. तेव्हापासून गृहपाठ बदलला. शाळेचं मैदान मोजायचं, शेत नाही.

दोन मुलांची आई, नाशिक

भूगोलवाले सर, तुमच्याकडे निदान दिवसा झालं. आमच्या वर्गाच्या ग्रुपवर रात्री ९:५० ला निरोप येतो, "उद्या पाच प्रकारची पाने आणणे." रात्री दहाला मी सोसायटीच्या बागेत फोनची टॉर्च लावून शेवंती शोधतेय आणि वॉचमन विचारतोय, काय हरवलं? तंत्रज्ञानाने निरोप देणं सोपं केलं, म्हणजे निरोप कधीही द्यायची मुभा मिळाली असं होतं का? घरात एकच फोन, तो नवऱ्याबरोबर रात्रपाळीला जातो, अशीही घरं त्या ग्रुपवर आहेत. त्या मुलांची पानं सकाळी कोण आणणार?

द्विशिक्षकी शाळा, मराठवाडा

आमच्या फाटकावर 'डिजिटल शाळा' असं रंगवलंय. २०१५ च्या जूनमध्ये राज्य सरकारच्या 'प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र' कार्यक्रमाचा निर्णय निघाला, त्यानंतरच्या उत्साहात गावाने लोकवर्गणी काढून प्रोजेक्टर घेतला. दोन वर्षं बरा चालला. मग बल्ब गेला, त्याची किंमत ऐकून समितीची बैठक लवकर संपली. मग बिल थकलं, वीज तोडली. मग वायर उंदरांनी खाल्ली. (वरच्या चुलत्यांचा उंदीर बहुतेक आमच्याकडचाच.) प्रोजेक्टर कपाटात आहे, दरवर्षी जडसंग्रह नोंदवहीत त्याची नोंद होते.

आता काय करतो ते सांगतो. पक्ष्यांचे आवाज फोनवर साठवलेत. फोन रिकाम्या स्टीलच्या पातेल्यात उभा ठेवायचा, स्पीकरचं तोंड तळाकडे. आवाज दुप्पट वाटतो. पोषण आहाराच्या स्वयंपाकघरातून कोणतं पातेलं चांगलं वाजतं ते मुलांनी शोधलं : कुकर नाही, डाळीचं पसरट पातेलंही नाही, दुधाचा उभा डबा. तिसरीतल्या पोराने कारण सांगितलं, "विहिरीत ओरडल्यासारखं होतं." ध्वनीचा धडा आठवीत आहे म्हणे.

पहिलीची बाई, मेळघाट

मी मूळची पुणे जिल्ह्यातली. पहिल्या दिवशी वर्गात बोलले आणि पंचवीस चेहरे नुसते बघत राहिले. त्यांची भाषा कोरकू, मराठीशी तिचं नातंच नाही, ती मुंडा कुळातली. माझं 'इकडे या' त्यांच्यासाठी आवाज होता, शब्द नव्हता.

गावात रेंज नाही, त्यामुळे ॲप वगैरे विसरा. पण फोनमध्ये रेकॉर्डर होता. संध्याकाळी एका आजीकडे जाऊन बसायचे. ती गोष्ट सांगायची, मी रेकॉर्ड करायचे. मला शून्य कळायचं. दुसऱ्या दिवशी वर्गात लावली की मुलं हसायची आणि मी त्यांच्या हसण्याच्या जागा वहीत टिपून ठेवायचे. मग चौथीतली एक मुलगी दुभाषी झाली. ती थांबवून थांबवून सांगायची, मी फळ्यावर चित्र काढायचे आणि खाली मराठी शब्द लिहायचे. दिवाळीपर्यंत अकरा गोष्टी झाल्या. मुलांना मराठी किती आलं, तर ठीकठाक. पण मुलं माझी कोरकू सुधारायला लागली तेव्हा वर्ग बोलका झाला. मी उच्चार चुकवला की रेकॉर्डिंगकडे बोट : "बाई, आजीला ऐक."

आजी मागच्या पावसाळ्यात गेली. मेमरी कार्डाच्या तीन प्रती केल्यात, एक तिच्या नातवाकडे.

माढा तालुक्यातून

२०२० मध्ये आमच्या तालुक्यातल्या परितेवाडीच्या रणजितसिंह डिसले गुरुजींना ग्लोबल टीचर प्राइज मिळालं. दहा लाख डॉलर, आणि त्यातले निम्मे त्यांनी अंतिम फेरीतल्या बाकी नऊ शिक्षकांना वाटले. त्यांनी पुस्तकात आणलेल्या क्यूआर कोडची तेव्हा घरोघर चर्चा झाली. एक पालक शाळेत येऊन म्हणाले, "आपल्या पुस्तकात ते कधी येणार?" मी बालभारतीचं पुस्तक उघडून चौकोन दाखवला. ते म्हणाले, "हे होय! मला वाटलं किंमत स्कॅन करायचा शिक्का." त्या दिवशी मुलांऐवजी पालकांची सभा घेऊन प्रत्येकाकडून एकदा स्कॅन करून घेतलं. ते कोड स्कॅन करायचं सरकारी दीक्षा ॲप २०१७ पासून होतं. कोणी दाखवलंच नव्हतं.

अंध विद्यार्थी, अमरावती, एम. ए. भाग १

माझ्यासाठी फोन ही 'सोय' नाही, तो माझा वाचक आहे. टॉकबॅक चालू केलं की स्क्रीनवर बोट जिथे जाईल ते मराठीत वाचलं जातं. अकरावीपर्यंत मी मित्रांच्या वेळेवर जगत होतो, त्यांना सवड असेल तेव्हा माझा अभ्यास.

आता शिक्षकांना एक विनंती, हात जोडून. नोट्स पाठवताना युनिकोडमध्ये पाठवा. पुष्कळ जण अजून जुन्या फॉन्टमध्ये टाइप करतात. कागदावर छापलं की ते सुंदर मराठी दिसतं, पण आत इंग्रजी अक्षरंच असतात. 'मराठी' या शब्दावर बोट ठेवलं तर माझा फोन म्हणतो, "ई जे के बी एच." चाळीस पानांचं टिपण मी असं ऐकलंय. आधी वाटलं फोन बिघडला. वर्गमित्राने पाहून सांगितलं, अरे छान टाइप केलंय की! दुसरा प्रकार म्हणजे फळ्याचा फोटो. फोनसाठी तो नुसता 'प्रतिमा'. आमच्या एका मॅडमनी उपाय काढला : तास संपल्यावर दोन मिनिटं फोनसमोर उभ्या राहून फळ्यावर काय काय आहे ते बोलून पाठवतात. आकृतीसुद्धा. "डावीकडे चौकोन, त्यातून बाण निघतो..." गंमत म्हणजे ही फाइल आता डोळस मुलंच जास्त मागतात.

रविवारची मराठी शाळा, न्यू जर्सी

आमच्याकडे मुलं आठवड्यातून दीड तास मराठीची. 'ळ' हा जन्माचा शत्रू. आज्या फोनवर सांगून थकल्या. मी मराठीत बोलून टाइप करायची सोय वापरली. मुलाने बोलायचं, फोन काय लिहितो ते पाहायचं. 'वेळ झाली'चं 'वेल झाली' झालं की मूल स्वतःच पुन्हा म्हणतं. एका पोराने 'गोळी' नऊ वेळा म्हटलं, जीभ मागे वळवून, बोट तोंडात घालून, आणि दहाव्यांदा ळ उमटला तेव्हा शेजारच्या वर्गातली बाई पाहायला आली.

पण फोन लबाड आहे. 'शाला' म्हटलं तरी समजून घेऊन 'शाळा' लिहितो, कारण त्याला अंदाज असतो. म्हणून शब्दांच्या जोड्या निवडाव्या लागतात, जिथे ल आणि ळ दोन्ही अर्थ देतात : वेल-वेळ, माल-माळ, चाल-चाळ. बाकी शब्दांसाठी आजीच बरी.

डीएडची विद्यार्थिनी

छोटं आहे. जुन्या लेझर पॉइंटरमधलं भिंग काढून फोनच्या कॅमेऱ्यावर चिकटपट्टीने लावा. मग त्याखाली पेपरातला रंगीत फोटो धरा. नुसते ठिपके दिसतात : निळे, गुलाबी, पिवळे, काळे. पाचवीतल्या मुलांनी त्यात हिरवा ठिपका शोधण्यात अख्खा तास घालवला. नाही सापडला. चित्रात मात्र झाड हिरवं होतं.

धागा काढणारी

मेळघाटच्या बाईंचं वाचून कालपासून दुसरं काही सुचत नाहीये. अमरावतीच्या दादाचं वाचून माझ्या सगळ्या जुन्या प्रश्नपत्रिका उघडून पाहिल्या, सगळ्या त्याच फॉन्टमध्ये. बदलायला घेतल्यात. आणि ते भिंग मिळालं, बाजारात जुना पॉइंटर तीस रुपयांना.

भूगोलवाले सर, त्या चुलत्यांचं पुढे काय झालं?

भूगोलवाला, जुन्नर तालुका

झालं ते असं, की बातमी गावात फिरली. आता शनिवारी शाळा सुटायच्या सुमाराला दोन-तीन शेतकरी व्हरांड्यात येऊन बसतात, सातबारा घेऊन. मी सांगतो, हे सरकारी मोजणीत धरत नाहीत, तालुक्याला भूमी अभिलेखकडे जा. ते मान डोलवतात. मी ऑफिसात गेलो की मुलं गुपचूप त्यांचं शेत मोजून देतात. मागच्या शनिवारी रांगेत चुलतेही होते.