फेअरफॅक्सच्या शाळा : आमचा अनुभव
अमेरिकेत व्हर्जिनियातल्या फेअरफॅक्स काउंटीसारख्या अवाढव्य स्कूल डिस्ट्रिक्टमध्ये (एकाच बोर्डाखालच्या सरकारी शाळांमध्ये) पालकांना कोण विचारतंय, असं कोणीतरी म्हटलंय, ते मला पूर्ण पटलं नाही. १,८०,००० च्या आसपास मुलं, जवळपास २०० शाळा हे खरंय, पण आपला रोजचा संबंध एका शाळेशी आणि एका टीचरशीच ना. माझी लेक नाशिकहून थेट दुसरीत आली, इंग्लिश जेमतेम, तर ईसॉलच्या (इंग्लिश ज्यांची मातृभाषा नाही अशा मुलांना ती शिकवणाऱ्या) बाईंनी पहिल्याच आठवड्यात तिच्या डेस्कवर छोटी छोटी चित्रं चिकटवून दिली, पाणी, बाथरूम, पोटात दुखतंय, ही नुसतं बोट ठेवायची. आजही आठवलं की भरून येतं.

हां, डिस्ट्रिक्टच्या पातळीवरचे काही निर्णय खुपतात. २०२० मध्ये थॉमस जेफरसन या विज्ञान-तंत्रज्ञानाच्या नामांकित सरकारी हायस्कूलची प्रवेश परीक्षा बंद केली तेव्हा कितीतरी देशी पालक चिडले, आणि ते चिडणं मला कळतं. पण स्कूल बोर्डाचे १२ जण मतदानानेच निवडून येतात, ज्यांना मत आहे त्यांनी ते द्याच. आणि तिसरीपासूनच्या फुलटाइम एएपीसाठी (हुशार मुलांसाठीच्या पुढच्या पातळीच्या अभ्यासक्रमासाठी) शाळेने नाव सुचवायची वाट बघू नका, पालकांना स्वतः रेफरल देता येतं, म्हणजे मुलाचं नाव सुचवता येतं, फक्त मुदत चुकवू नका.